फणसाला बांधलेली तार

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन सापडेल याची खात्री नसे, पण पँटच्या खिशात पक्कड असणारच. हजेरी घ्यायला ते माझं पेन मागून न्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. पक्कड मात्र त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. पेडण्याहून पार्स्याला येणाऱ्या बसमध्ये ते बसले की ती मांडीला टोचायची. मग ते ती बाहेर काढून हातात धरायचे, आणि शेजारी कुणी नवखा माणूस असला तर तो जरा सरकून बसायचा.

पक्कड झाडांसाठी होती. रस्त्याकडेच्या आंब्याला, जांभळीला कुणी तार आवळून फलक बांधला, की सर दिसेल तिथं थांबत आणि तार तोडत. दशावतारी नाटकाचा फलक असो, शिकवणीच्या वर्गाचा असो, की काजूची बी विकत घेणाऱ्याचा असो, त्यांना सगळे सारखे. फलक मात्र फेकून देत नसत. घडी घालून ज्याचा त्याला नेऊन देत आणि सांगत, की खांबाला बांधा, खांब वाढत नाही. निवडणूक जवळ आली की त्यांना घरी यायला रोज उशीर होई. एकदा तर आमच्याच विद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा फलक त्यांनी फाटकाजवळच्या गुलमोहरावरून उतरवला आणि प्राचार्यांच्या टेबलावर आणून ठेवला. प्राचार्यांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं. सरांशी भांडून हाती काही लागत नाही, हे ते माझ्या आधीच शिकले होते.

सरांचं नाव मी सांगत नाही. पेडण्यात सांगायची गरज नाही आणि बाहेर सांगून उपयोग नाही.

मी त्या विद्यालयात मराठी शिकवायला गेले ती डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याहून. माझे बाबा खनिजाचा टिप्पर चालवायचे. आमच्याकडच्या रस्त्यालगतची झाडं मी लहानपणी खनिजाच्या धुळीनं लालच पाहिलेली. झाडाचा रंग हिरवा असतो हे मी चित्रं रंगवताना शिकले, असं एकदा स्टाफरूममध्ये गमतीनं म्हटलं, तर सगळे हसले, सर तेवढे हसले नाहीत. "पावसात तरी धुवन जायत मगे?" त्यांनी विचारलं. पुढं मी सुट्टीत घरी जाऊन आले, की आईबाबांची चौकशी करून झाल्यावर ते हळूच विचारायचे, सुर्ल्याची झाडां बरी मगे? एखाद्या आजारी आत्याबद्दल विचारावं तसं. मीही न हसता उत्तर द्यायला लागले.

ते जीवशास्त्र शिकवत, आणि पार्स्याला त्यांच्या घराची मागची खोली रिकामी होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पेडण्यात मला जागा मिळेना तेव्हा त्यांनीच ती देऊ केली. पहिल्याच सकाळी मी बालदी घेऊन विहिरीकडे निघाले आणि कपाळावर काहीतरी सणसणीत बसलं. बघते तर कपडे वाळत घालायची तार. एक टोक फणसाला, दुसरं माडाला, आणि मधून विहिरीची वाट. तार इतकी खाली, की घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मान वाकवल्याशिवाय विहीर गाठता येऊ नये. सर चांगले उंच होते. देवळाच्या लहान दारातून गाभाऱ्यात शिरावं तसे ते दिवसातून कितीदा तरी तिच्याखालून वाकून जात.

कपाळावर हळद लावायला आली ती शेजारची वैनी. तिची माझी ओळख तिथंच झाली आणि पहिल्या भेटीतच तिनं सरांचं गाऱ्हाणं सांगितलं. "अख्ख्या तालुक्यातल्या झाडांचे फास सोडयत फिरता, नि आपल्या दारातलो फणस तेका दिसना नाय." मी फणसाकडं पाहिलं. तार त्याच्या खोडात रुतली होती. तिच्या वर आणि खाली साल फुगून आली होती, दाबून धरलेल्या ओठांसारखी. वैनीचं खोटं नव्हतं. पण सरांना ते दिसत नव्हतं असं मात्र नाही. ते रोज सकाळी चहाचा पेला घेऊन त्या फणसासमोर उभे राहायचे. बरोबर तार रुतली होती तिथंच बघायचे, आणि चहा संपला की शाळेची तयारी करायला आत जायचे.

मी एकदा विचारलं, की तार थोडी वर का बांधत नाही. ते म्हणाले, तुमी तुमचे कपडे खुशाल वाळत घाला, पण ओढू नकात. एवढंच. वनस्पतींवर बोलायला तासाची घंटाही ज्यांना आवरत नसे, त्या माणसानं एका झाडाबद्दल इतकं कमी बोलावं याचं मला नवल वाटलं. मी पुन्हा विचारलं नाही. सवय झाली. महिन्याभरात मीही न बघता वाकायला लागले.

सरांच्या कमरेच्या पट्ट्याला भोकंच भोकं होती. ते झाडं मोजायचे त्या पट्ट्यानं. परसातल्या कोवळ्या झाडांच्या खोडाभोवती, दरवर्षी पाऊस सरला की, सगळ्यांसमोर पट्टा सोडून गुंडाळायचे आणि जिथं टोक येईल तिथं खिळ्यानं भोक पाडायचे. एका हातानं पँट धरलेली असायची. वैनी तेवढ्या वेळापुरती तोंड फिरवून उभी राहायची आणि बोलणं चालू ठेवायची. बायको गेल्यावर सर फार बारीक झाले होते म्हणे. त्या वर्षी त्यांनी वैनीच्या नवऱ्याला पट्टा दाखवला होता. म्हणाले होते, चिकू एक भोक भायर गेलो नि मी दोन भोकां भितर इलंय.

शिकवताना ऐकावं ते सरांना. माझा तास नसला की मी त्यांच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पेपर तपासत बसायचे. ते खडूनं हातानंच वर्तुळ काढायचे आणि ते असं नेटकं यायचं, की गणिताचे सर परीक्षेच्या दिवसांत त्यांना फळ्यावर आकृत्या काढायला बोलवायचे. त्या वर्तुळाच्या कडेला, सालीच्या जरा आत, सर एक बारीक हिरवी रेघ काढायचे. पुस्तकात तिला कॅम्बियम म्हणतात, ते म्हणायचे ओली कड. एवढं मोठं झाड, पण जाड होण्याचं सगळं काम या कागदाएवढ्या पातळ कडेत चालतं. ती आतल्या अंगाला लाकूड घालते आणि बाहेरच्या अंगाला साल. पाणी वर चढतं ते लाकडातून, पानांनी केलेलं जेवण खाली उतरतं ते सालीतून. आणि जुनं लाकूड वर्षानुवर्षं मध्ये ढकललं जातं, मरतं, काळं पडतं. इथं सर थांबायचे आणि विचारायचे, की मेलेलं लाकूड झाड टाकून का देत नाही? मग तेच सांगायचे, की वादळात झाड उभं राहतं ते त्या मेलेल्याच्याच जोरावर.

एका मुलीनं विचारलं, सर, मगे माड? माडाला ती कड नसते, सर म्हणाले. तो ज्या जाडीचा वर निघाला त्या जाडीचा शेवटपर्यंत राहतो. त्याला वर्तुळं नाहीत, सालीचे थर नाहीत. तार बांधली तर ती वर्षं गेली तरी तशीच. "माड कोणाक भितर घेना नाय," असं म्हणून त्यांनी फळा पुसला, आणि तास संपायला अजून बराच वेळ असताना वर्ग सोडला. मी पेपर गुंडाळून त्यांच्यामागून निघाले, पण ते बोलण्याच्या मनःस्थितीत दिसले नाहीत.

धारगळला महामार्ग रुंद करताना झाडं तोडली, तेव्हा सर रजा टाकून तिथं गेले. मला वाटलं भांडायला गेले, म्हणून शाळा सुटल्यावर मीही गेले. तर सर एका आंब्याच्या ओंडक्यावर बसून चहा पीत होते. बेळगावकडचे कामगार त्यांच्याभोवती जमले होते. करवतवाला वैतागला होता, कारण त्या ओंडक्याच्या पार आत करवतीचे दात कशावर तरी मोडले होते. फोडून बघितलं तर लाकडात खिळा, आणि खिळ्याला गंजलेल्या तारेचं वेटोळं. बाहेरून सालीवर काही खूण नव्हती. करवतवाला विचारत होता, की एवढ्या आत जाऊन खिळा मारला कुणी. सर त्याला समजावत होते, की खिळा आत गेला नाही, झाडच बाहेर आलं. कुणीतरी बाहेरूनच मारला, झाड त्याच्यावरून वाढत राहिलं आणि एक दिवस त्याला पोटात घेऊन साल मिटली. मग सर उठले, कापलेल्या बुंध्याशी गेले आणि ओंडक्यावरून अंदाज घेऊन खिळ्याच्या उंचीवर हात धरून उभे राहिले. तो त्यांच्या छातीशी आला. म्हणाले, ज्यानं मारला त्याचा हात इथवरच येत असणार. झाड वाढलं तरी खिळा वर जात नाही.

कामगारांनी मान डोलावली. सर मात्र तसेच हात धरून उभे होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. आंब्यासाठी असेल असं मला वाटलं. बसमध्ये त्यांनी पक्कड काढली नाही, ती मांडीला टोचत राहिली असणार.

त्या पुढल्या उन्हाळ्यात सरांचा फणस असा धरला, की बघायला माणसं यायला लागली. तारेपासून वर शेंड्यापर्यंत फणसच फणस. कापा फणस, मधासारखा गोड. वैनीनं गरे तळून डबे भरले, आठळ्या राखेत पुरून ठेवल्या, अर्ध्या वाड्याला गरे वाटले. जो तो सरांना म्हणत होता, की झाडाला हात लागावा तो तुमचा. सर फणस उतरवून देत होते, आणि त्यांचं तोंड सुतकात असल्यासारखं. एका संध्याकाळी मी गरे काढत बसले होते, हाताला खोबरेल लावलेलं. सर समोरच्या सोप्यावर येऊन बसले. मी म्हटलं, सर, एवढं पीक आलं, जरा हसा तरी.

"ह्या झाडान खुशीन दिल्ला न्हय, टीचर," ते म्हणाले. "जेवण खाली जावक गावना नाय, म्हणून फळाक गेला."

मग त्यांनी मला फणसाकडं नेऊन दाखवलं. तारेच्या वर खोड फुगलं होतं आणि खाली हडकुळं राहिलं होतं. पानं जेवण करत होती, ते सालीतून खाली उतरत होतं आणि तारेपाशी अडत होतं. त्याच्यावर वरचा भाग असा माजला होता. खाली मुळं उपाशी होती. मुळं असा उपवास थोडी वर्षं काढतात, सर म्हणाले, मग एका वर्षी पानं पिवळी पडतात आणि संपतं. कदाचित झाड तारेला गिळेल आणि वरची साल खालच्या सालीला जाऊन मिळेल. कदाचित त्याआधी तार झाडाला संपवेल.

मला राग आला. दुसऱ्यांच्या झाडांसाठी भर रस्त्यात थांबणारा हा माणूस आपल्या फणसाचा जीव जाताना चहा पीत बघतो, हे मला सोसवेना. मी म्हटलं, सर, मगे कापा ती तार. खिशात पक्कड आहे ना?

मग तारेवर एक बोट ठेवून त्यांनी सांगितलं. ती तार त्यांच्या बायकोनं बांधली होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी. फणस तेव्हा मांडीएवढा जाड. ती ठेंगणी होती, तिचा हात सहज पोचला तिथं तिनं तार बांधली. सर जाता-येता वाकताना बघून तिला वाईट वाटलं, तर तिनं स्वतःची आणि त्यांचीही समजूत घातली. सरांनी तिचे शब्द तसेच सांगितले.

"म्हणाली, 'आता माझ्या हाताक येता ती बरी. झाड वाढात तशी तार वर जायत, मगे तुमका वाकूक नको.' मी शास्त्र शिकयणारो माणूस. तेव्हाच सांगूक व्हया होता, की झाड वर वाढता ता शेंड्याक, खोड फक्त जाड जाता. पण ती इतक्या भरवशान पीळ मारी होती, माका सांगवला नाय."

पुढं दरवर्षी गणेशचवथीच्या आधी घर सारवून झालं, की ती तारेखाली उभी राहायची, हात वर करून बघायची आणि म्हणायची, अजून काय वर जावक नाय. आणि हे म्हणायचे, जातली, वेळ लागता. ती आजारी पडली त्या वर्षीही तिनं खिडकीतून विचारलं होतं. त्या वर्षी सर म्हणाले, की थोडी गेली. ती हसली होती म्हणे.

"ती गेली, पण तार तिच्या हाताकच आसा," सर म्हणाले. "ह्या घरात तिची उंची दाखयणारा दुसरा काय नाय."

माझ्या हाताला फणसाचा चीक लागला होता, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मी आत गेले आणि उरलेले गरे तसेच झाकून ठेवले.

पावसानंतर फणसाच्या शेंड्याची पानं पिवळी झाली. वैनीचं गाऱ्हाणंही बंद झालं, म्हणजे पिवळ्या पानांचा अर्थ तिलाही कळला असणार. सर चहा घेऊन उभे राहायचे आणि चहा निवून जायचा. एका रविवारी सकाळी त्यांनी माझ्या दारावर टकटक केलं. हातात पक्कड आणि पटाशी. म्हणाले, टीचर, तार मधी धरा, उसळात ती.

मी तार दोन्ही हातांनी धरली. सरांनी फणसापाशी पक्कड लावली आणि तसेच थांबले. मी खाली बघत होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "कापतंय गो." ते मला म्हणाले नव्हते. मला ते नेहमी टीचरच म्हणत. कट्ट असा आवाज झाला आणि माझ्या हातातली तार ढिली पडली.

फणसाच्या अंगातली तार सगळी निघाली नाही. पुढच्या बाजूला दिसत होती तेवढी त्यांनी पटाशीनं साल न दुखवता उकरून तोडली, जेणेकरून फास सुटेल. मागची आत राहिली. ती आता फणसाची, म्हणाले. मग ते माडाकडं गेले. तिथं तारेची कडी इतक्या वर्षांनंतरही सैल होती, हातानं फिरवली तर फिरायची. माडानं तिला आत घेतलं नव्हतं. सरांनी पीळ उलगडला नाही. पिळाच्या विरुद्ध बाजूनं कडी तोडली, आणि ती हातात आली तेव्हा बायकोनं मारलेला पीळ तसाच होता, गच्च, जरा वाकडा. तो त्यांनी अंगठ्यानं पुसला. आत नेऊन त्यांनी कडी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. मला म्हणाले, भिंतीक चलता, भिंत वाढना नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत दारात उभी होते. सर बालदी घेऊन विहिरीकडं निघाले. तारेच्या जागी आले आणि खोल वाकून पलीकडं गेले. येतानाही वाकले. मी त्या घरात पुढं जेवढी राहिले तेवढ्यात ते सरळ मानेनं कधी गेले नाहीत. विसरून वाकत की आठवून, हे मी विचारलं नाही.

लग्न होऊन मी डिचोलीला आले, नोकरीही इकडेच मिळाली. सर अधूनमधून फोन करायचे. सुर्ल्याची झाडां बरी मगे, याच्यापासून सुरुवात. फणसाची पानं हिरवी झाल्याचं त्यांनी फोनवरच सांगितलं आणि त्या वर्षी फळं कमी लागली म्हणून ते इतके खूश होते, की मी वर्गात जायचं विसरून बोलत राहिले. गेल्या पावसाळ्यात ते गेले. मला सर फार आठवतात. गाडीतून जाताना एखाद्या झाडाला फलक आवळलेला दिसला, की माझा हात पर्सकडं जातो. पर्समध्ये पक्कड नसते. घेईन घेईन म्हणते, आणि दुकानात गेल्यावर मला त्यांची ती पक्कडच हवी असते.

परवा पार्स्याला जाऊन आले. घराची किल्ली वैनीकडं असते. तिनं दार उघडून दिलं. देवघराशेजारी कडी खिळ्यावर होती, मी तिला हात लावला नाही. मागच्या दारानं परसात गेलो. फणस आता एका कवेत मावत नाही. तारेच्या जागी साल मिटली आहे. बोट फिरवलं तर एक वळ लागतो, बस. जी तार मागं राहिली होती ती आता कुठूनच दिसत नाही. पण आत आहे, आणि आहे तिथंच आहे, एका ठेंगण्या बाईचा हात पोचेल तिथं.

वैनी म्हणाली, चल, विहिरीचा पाणी बघ, यंदा कितक्या वर इला. ती पुढं, मी मागं. सरांचा पुतण्या आता घर भाड्यानं देणार आहे, त्याबद्दल ती बोलत होती. फणस आणि माडाच्या मधे आल्यावर ती बोलता बोलता वाकली आणि पलीकडं जाऊन सरळ झाली, बोलणं चालूच. तार काढून इतके पावसाळे गेले. मला म्हणावंसं वाटलं, वैनी, वर काही नाही आता.

मला सांगवलं नाही. मी वाकले आणि तिच्यामागून गेले.